चोवीस तारखेचा हुकूम

३ डिसेंबर, सोमवार

"राष्ट्राध्यक्षांनी चोवीसची सुट्टी दिली तर येईन, आई."

झालं! तीन नाताळ ती आली नाही. आता चौथ्याचा निकाल माझ्या पोटच्या पोरीनं थेट राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ज्या माणसाला माझं नाव माहीत नाही, ज्याला मी मत दिलं नाही, तो कागदावर सही करणार – मग रेजिना कॅन्सस सिटीहून विमानात बसणार आणि वॉशिंग्टनला आपल्या आईच्या घरी येणार!

यंदा नाताळ मंगळवारी. मधला सोमवार मिळाला तर रेजिनासारख्या सरकारी नोकरांना सलग चार दिवस. दर डिसेंबरला हेच. सगळं सरकार हातातलं काम टाकून एकमेकांना विचारतं – देतील का? पूर्ण देतील की अर्धा? माझी राजपत्राच्या कचेरीतली एकतीस वर्षं याच चर्चेत गेली. फरक एवढाच की आदेश निघालाच, तर त्याचे स्वल्पविराम तपासायला कुणीतरी लागायचं. ती मी. बाकीच्यांना सुट्टी मिळाल्याचा कागद मी उशिरापर्यंत बसून वाचायचे.

"आणि नाही दिली तर?" मी विचारलं.

"तर ऑफिस आहे ना, आई."

"बरोबर आहे. बघू राष्ट्राध्यक्ष काय म्हणतात," म्हणाले आणि फोन ठेवला. छान, शांतपणे ठेवला. आपटला नाही. नोंद असावी.

५ डिसेंबर

शेजारची व्हर्निस कॉफीला आली. नवरा गेल्यापासून तिचा संसार टीव्हीशी आहे. काल राष्ट्राध्यक्षांनी कुठल्याशा आदेशावर सही केली, मागे माणसं रांगेत उभी, पुढे कॅमेरे. व्हर्निस भारावलेली.

"क्लो, एका सहीत कायदा! बघता बघता!"

"कायदा नव्हे. कायदा काँग्रेस करते. हा त्यांनी आपल्या हाताखालच्यांना सोडलेला हुकूम."

"म्हणजे माझ्यावर चालणार नाही?"

"तू त्यांच्या हाताखाली आहेस का?"

"मी कुणाच्याच हाताखाली नाही. वॉल्टरच्यासुद्धा नव्हते."

"मग सुखानं कॉफी पी."

ती प्यायली, पण सुखानं नाही. "माझी भाची बेकरीत आहे. तिला का नाही देत चोवीसची सुट्टी?"

"बेकरी त्यांची नाही म्हणून."

"कोर्टातल्या लोकांना?"

"कोर्ट वेगळं. काँग्रेस वेगळी. पोस्टाचाही कारभार वेगळा, पोस्टमन चोवीसला येणार."

"म्हणजे नुसता आपल्या ऑफिसचा साहेब!" व्हर्निसचा चेहरा पडला. "मला वाटलं राजा."

राजा! शाळेत आमच्या सिस्टर पर्पेच्युआ होत्या. बाकावरून नुसतं उठलं तरी विचारायच्या – कुणाच्या परवानगीनं? राष्ट्राध्यक्षांनासुद्धा प्रत्येक आदेशाच्या पहिल्या ओळीत याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. 'राज्यघटनेनं आणि देशाच्या कायद्यांनी मला दिलेल्या अधिकारानुसार.' दिलेल्या! म्हणजे उसना. ती ओळ लंगडी असेल तर कोर्ट उरलेला कागद फाडून हातात देतं. लोक सही बघतात. मी एकतीस वर्षं पहिली ओळ बघितली.

आणि आदेश कसा लिहावा यावरही एक आदेश आहे. डावीकडे दीड इंच समास, उजवीकडे एक. शब्दांची स्पेलिंगं कुठल्या पुस्तकाप्रमाणे, तेही त्यात. व्हर्निसला हे सांगितलं तर म्हणाली, "क्लो, तू मोकळी असतेस तेव्हा काय करतेस गं?"

८ डिसेंबर, शनिवार

मारियामातेचा सण. चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला गेले. येताना खाटकाकडे हॅम सांगून ठेवला – डुकराचा पाय, मिठात मुरवलेला, हाडासकट, मोठा.

माझा नवरा लिअँडर दक्षिण मेरिलँडचा. त्याच्याकडे भरलेल्या हॅमशिवाय नाताळ होत नाही. मांसाला खोल चिरा द्यायच्या, त्यात केलची पालेभाजी, कोबी, कांदा, मोहरी आणि डोळ्यांतून पाणी येईल एवढी लाल मिरची ठासायची, जुन्या उशीच्या अभ्र्यात शिवायचा आणि तासन् तास उकळायचा. मी वॉशिंग्टनची, लग्नानंतर सासूनं शिकवलं. शिकवलं म्हणजे माझे हात मागे बांधून बघायला लावलं. एकटीनं होत नाही. एकानं चीर फाकवून धरायची, दुसऱ्यानं भरायचं. लिअँडर भरायचा, रेजिना धरायची, मी हुकूम सोडायचे. तीन वर्षं केला नाही.

"किती माणसं आहेत, मिसेस बटलर?" खाटकानं विचारलं.

"ते राष्ट्राध्यक्षांवर अवलंबून आहे."

तो पोट धरून हसला. मी विनोद केला नव्हता.

११ डिसेंबर

सही नाही.

१२ डिसेंबर

आयर्विन पास्टर्नाकला फोन केला. माझ्या हाताखाली लागला होता तेव्हा त्याला अर्धविराम कळत नव्हता. आता माझ्या खुर्चीत बसतो.

"मिसेस बटलर, मी काहीही सांगू शकत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"मी कुठे काय विचारलं? कागद कोणत्या गल्लीत आहे एवढंच सांग."

तो कुजबुजला. खर्चाचं खातं बघणाऱ्यांकडून पुढे गेलाय. न्याय खात्याच्या वकिलांकडे आहे. मग आमच्याकडे – त्यांच्याकडे! – भाषा आणि आकडे तपासायला, मग राष्ट्राध्यक्षांकडे. म्हणजे सगळं रीतसर चाललंय. वकिलांचे हात कधी हलतील ते मात्र देवाला माहीत.

"समास नीट सोडलाय का बघ."

"मिसेस बटलर!"

एका दिवसाच्या सुट्टीला इतकी दारं. आणि पुसायला? एक ओळ. 'अमुक क्रमांकाचा आदेश रद्द करण्यात येत आहे.' नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात जुन्याच्या आदेशांवर ही ओळ फिरवतो. समित्या, मंडळं, कुणाची आठ वर्षांची मेहनत – एक ओळ! किती गर्जना करून काढतात आणि किती गुपचूप मरतात हे आदेश. मी दोन्ही टोकांना पेन्सिल घेऊन बसलेली असायचे. मला कधी वाईट वाटलं नाही. रीतसर रद्द झालेली गोष्ट नीटनेटकी दिसते.

१४ डिसेंबर

आज पाऊसही नाही, बर्फही नाही, मिसाही नाही. त्यामुळे लिहूनच टाकते.

लिअँडरची वल्ह्याची बोट परसात ताडपत्रीखाली असायची. बस चालवून आला की शनिवारी तिला घासायचा. पाण्यात वर्षातून चार वेळा जायची, परसात मात्र बारा महिने माझ्या कपड्यांच्या दोरीखाली. तो गेला त्याच्या नवव्या दिवशी मी ती चर्चच्या लिलावाला देऊन टाकली. गाडी आली, चार माणसांनी उचलली, संपलं. रेजिना आठवडाभर इथेच होती, त्या दिवशी फक्त बाहेर गेली होती. परत आली तेव्हा गवतावर बोटीच्या आकाराचा पिवळा डाग.

"कुणाला विचारलंस?"

"माझ्या घरात विचारायची पद्धत नाही."

हे मी म्हणाले. शब्द बदललेले नाहीत.

ती म्हणाली, "तुझे सगळे हुकूम असेच आहेत आई. शेवटच्या ओळीसकट."

शेवटची ओळ तिला लहानपणापासून पाठ. मीच घरी म्हणून दाखवायचे, गंमत म्हणून. बहुतेक आदेशांच्या शेवटी असते – या आदेशामुळे कोणालाही कसलाही हक्क मिळत नाही. म्हणजे आम्ही एवढं सगळं जाहीर केलं, पण त्याच्या आधारावर आमच्या दारात येऊन काही मागू नका! वकिलांना ही ओळ फार आवडते.

ती दुसऱ्या दिवशी गेली. फोन करते. पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी. हवामान, तब्येत, हवामान.

१७ डिसेंबर, सोमवार

तिसरा सोमवार. तिकडे थंडी आहे. इकडेही थंडी आहे. "काही कळलं का गं?" मी विचारलं. "नाही आई. तुला?" "नाही." राष्ट्राध्यक्षांबद्दल आम्ही जेवढं बोललो तेवढं त्यांची बायकोसुद्धा बोलत नसेल.

१८ डिसेंबर

सही झाली! पूर्ण दिवस!

व्हर्निस चपला न घालता धावत आली. "क्लो! दिली! टीव्हीवर खाली पट्टीत आलं!" आम्ही दोघी म्हाताऱ्या स्वयंपाकघरात एकमेकींचे हात धरून उभ्या. मी त्या माणसाचं क्षणभर भलं चिंतलं. पुढच्या निवडणुकीत विसरेन.

लगेच रेजिनाला फोन.

"सही झाली."

"हो, ऐकलं." मग म्हणाली, "क्रमांक पडला का?"

"काय?"

"तूच म्हणायचीस ना आई, राजपत्रात क्रमांक पडेपर्यंत तो नुसता कागद."

म्हणायचे. आमच्या कचेरीच्या मिजाशीत म्हणायचे. खरं सांगायचं तर आपल्या नोकरांपुरता आदेश सहीबरोबरच लागू होतो, छापणं म्हणजे जगाला रीतसर कळवणं. पण माझंच वाक्य तिनं माझ्यासमोर ठेवलं होतं. "बरोबर आहे," म्हणाले. "क्रमांकाची वाट बघू."

व्हर्निस बघत होती. "येतेय ना?"

"कागदपत्रं पूर्ण होताहेत."

२० डिसेंबर

क्रमांक पडला. स्वल्पविराम एक चुकलाय. आयर्विन!

रेजिनाला क्रमांक वाचून दाखवला, अंकान् अंक.

"दुसरं कलम वाच, आई."

दुसरं कलम मला वाचावं लागत नाही. देशाच्या सुरक्षेसाठी किंवा लोकांच्या गरजेसाठी एखाद्या खात्याच्या प्रमुखाला काही कचेऱ्या उघड्या ठेवता येतात. तीन ओळींचा आदेश आणि त्यातलीही पळवाट कलम दोनमध्ये! पण रेजिनाचं खातं काय करतं? कोणत्या राज्यात किती मका झाला त्याची नोंद ठेवतं. नाताळच्या आदल्या दिवशी मक्यापासून देशाला कसला धोका?

"तुमचं ऑफिस उघडं ठेवणार आहेत का?"

"ठेवू शकतात, आई. कलमात आहे."

२१ डिसेंबर, शुक्रवार

मी तिच्या ऑफिसात फोन केला. करायला नको होता. पण एकतीस वर्षं मी लोकांना त्यांच्याच कलमाचा अर्थ समजावून सांगितलाय, सवय जात नाही.

लिंडक्विस्ट म्हणून कोणी साहेब. आवाज सभ्य. मी म्हणाले, मी रेजिना बटलरची आई, निवृत्त, राजपत्राची कचेरी. चोवीसला आपण कलम दोनखाली कचेरी उघडी ठेवताय, तर त्याचा आधार काय?

"आम्ही बंद आहोत, बाई. सगळेच. मी आत्ताच दाराला कुलूप घालायला निघालोय."

"मग माझ्या मुलीला –"

"रेजिना?" मग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलला. "त्यांनी जूनमध्येच नोकरी सोडली. आम्ही केक कापला होता. तुम्हाला... मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"अर्थातच माहीत आहे," मी म्हणाले. "नाताळच्या शुभेच्छा."

जून. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. सरकारी नोकरांच्या सुट्टीची वाट बघत होतो आम्ही दोघी. आणि दोघींपैकी एकही सरकारी नोकर नव्हती.

रेजिनाचा फोन बंद.

२२ डिसेंबर

सकाळी सातला नणंदेला फोन लावला. अर्सुलीन लेनर्डटाउनला, लिअँडरच्या जुन्या घरी असते. दीड तासावर. पोरगी हरवली हे कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि सांगण्यासारखं कुणी उरलेलं नाही.

"हरवली कशानं, वहिनी? इथेच आहे. जुलैपासून. गावच्या वाचनालयात लागलीय."



"आणि आधीचे नाताळ?"

"तेही इथेच." अर्सुलीन खोटं बोलत नाही, तिला तेवढी कल्पनाशक्ती नाही. "मी तुला सांगणार होते. ती म्हणाली, आत्या, तू मध्ये पडू नको."

"दीड तासावर होती आणि मला राष्ट्राध्यक्षांच्या गोष्टी सांगत होती!"

"त्या तूच ऐकत होतीस. वहिनी, एक विचारू? रागावू नको."

"रागावणारच. विचार."

"चार वर्षांत तू तिला एकदा तरी 'ये' म्हणालीस?"

"आईच्या घरी यायला आमंत्रण लागतं?"

"तिला लागतं. तिनं मुद्दाम राष्ट्राध्यक्षांचं नाव काढलं या खेपेला. मला म्हणाली, बघू आई म्हणते का – मरू देत ते राष्ट्राध्यक्ष, मला तू हवीस. तू काय म्हणालीस?"

मी काय म्हणाले ते या वहीत लिहिलेलं आहे. पानं उलटून वाचलं. छान, शांतपणे फोन ठेवला, असंही लिहिलंय. वर नोंद असावी!

दुपारी खाटकाकडून हॅम आणला. चिरा दिल्या. एका हातानं चीर धरायची आणि दुसऱ्यानं भरायचं – जमत नाही. मिरचीचा हात डोळ्याला लागला. त्यामुळे डोळ्यांतून पाणी आलं. त्यामुळेच.

२३ डिसेंबर, रविवार

मिसाहून आल्यावर कागद घेऊन बसले. फोनवर मी बिघडते, म्हणून आधी लिहावं.

पहिला मसुदा: 'तू चोवीसला येणं योग्य ठरेल.' दुसरा: 'झालं गेलं विसरून.' कोणाच्या अधिकारानुसार विसरून? मी विसरायला सांगणारी कोण! तिसऱ्यात मी एक, दोन, तीन असे आकडे घातले. चौथ्याच्या शेवटी, 'याचा अर्थ मी चुकले असा काढू नये.' देवा. शेवटची ओळ! माझ्या हातून आपोआप येते, जिना उतरताना हात कठड्याला जावा तशी.

पाचवा मसुदा केला नाही. फोन लावला. उचलला.

"रेजिना, बोट तुला विचारून द्यायला हवी होती. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही."

मी पुढे बोलत राहिले.

"आणि लिंडक्विस्ट साहेबांशी मी बोलले. त्याबद्दल मला काही विचारायचं नाही. दुसरंच विचारायचंय. उद्या मी तिकडे येऊ का?"

मागे अर्सुलीनची भांडी वाजत होती, ती थांबली.

"नको, आई," ती म्हणाली. "यंदा नको."

माझ्याकडे नऊ हरकती तयार होत्या. मोजल्या होत्या. हॅम आहे, वय आहे, वडिलांचं घर आहे, चौथी तर कोर्टात टिकली असती.

"बरं," मी म्हणाले.

"बरं?"

"बरं."

आणि फोन ठेवला.

२४ डिसेंबर, सोमवार

सगळं सरकार बंद. पोस्टमन येऊन गेला. मिसाला अवकाश होता म्हणून पायांवर शाल घेऊन बसले होते.

चारच्या सुमाराला दार वाजलं. रेजिना! घरातल्या कपड्यांवर कोट, रस्त्यावर गाडी चालूच ठेवलेली. आत आली ती सरळ माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"काय होतंय तुला? तू नुसतं 'बरं' म्हणालीस! दोनदा! मी रात्रभर डोळा मिटला नाही. छातीत दुखतंय का? डॉक्टरांनी काही सांगितलंय का? आई, खरं सांग."

हात माझ्या कपाळावर ठेवलाय. गार आहे. दुसऱ्या हातानं डॉक्टरांचा नंबर शोधतेय, आणि मी हे तिच्या नकळत, वही शालीखाली धरून लिहितेय.

मला काहीही झालेलं नाही. अजून तसं सांगितलेलं नाही.